कॅम बदलला, आता पुशरॉड कुठले घ्यायचे?

प्रश्न: माझ्याकडे शेव्हरोलेचं ३५० स्मॉल ब्लॉक इंजिन आहे. मोठा कॅम टाकलाय, हेडचं फेसिंगही (खालची बाजू तासून सपाट करणं) करून घेतलंय. रॉकर १.५ चेच ठेवू का १.६ चे घेऊ? पुशरॉड स्टॉक लांबीचे चालतील ना? आणि जाड पुशरॉड जड असतात, इंजिन वर फिरत नाही असं एकाने सांगितलं, खरंय का?

उत्तर: पुशरॉडची ऑर्डर दिली नसेल तर प्लीज थांबा. आधी रॉकर ठरवा, लांबी त्यानंतर. कॅम पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरचं एक टोक उचलतो आणि दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबून उघडतं; १.५ किंवा १.६ म्हणजे कॅमची उचल व्हॉल्व्हकडे किती पट होते ते.

समजा कॅमचा लोब (उंचवटा) ७.६२ मिमी उचलतोय, तर १.५ च्या रॉकरने व्हॉल्व्ह ११.४३ उघडतो आणि १.६ ने १२.१९. पाऊण मिलिमीटर जास्त मिळतं खरं, पण स्प्रिंग पूर्ण दबायच्या आधी साधारण दीड मिमी जागा उरतेय का, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये इनटेकला २ आणि एक्झॉस्टला अडीच मिमी तरी गॅप आहे का, हे सगळं परत मोजावं लागतं. शिवाय १.६ मध्ये रॉकरमधली पुशरॉडची वाटी स्टडच्या (रॉकर ज्यावर बसतो तो बोल्ट) जवळ सरकते, मग रॉड हेडच्या भोकाला घासू शकतो. कॅम मोठा टाकलाच आहे तर मी तरी १.५ वरच राहीन, फक्त चांगले रोलर टिपवाले (टोकाला छोटं चाक असलेले) घेईन.

आता लांबी. फेसिंगने हेड खाली आलं म्हणजे रॉड आखूड लागणार, आणि कॅमचा बेस सर्कल (लोबचा न उचलणारा गोल भाग) लहान असेल तर उलट लांब लागणार, त्यामुळे अंदाजाने काही जमत नाही. मी एकदा स्टॉक लांबीचेच टाकले होते, थोड्याच दिवसांत व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) एका बाजूने खाल्लेले निघाले, तेव्हापासून मोजल्याशिवाय हात लावत नाही. ॲडजस्टेबल चेकिंग पुशरॉड (लांबी कमी-जास्त करता येणारा) घ्या, ज्या व्हॉल्व्हवर मोजताय त्याला हलकी स्प्रिंग लावा, व्हॉल्व्हच्या टिपवर मार्कर फिरवा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून रॉकर काढून बघा. शाई जिथे पुसली गेलीय तो पट्टा जितका बारीक तितकं चांगलं, आणि तो मधोमध हवा. रुंद आला तर लांबी थोडी बदला, परत शाई, परत फेरे. कंटाळा येतो पण हे करायलाच हवं. हायड्रॉलिक लिफ्टर (कॅम आणि पुशरॉडमधला, आत तेल भरलेला भाग) असेल तर प्रीलोडही, म्हणजे तो बसवताना थोडा दाबला जातो तेवढं अंतर, हिशोबात धरा.

जाडीचं म्हणाल तर ते ऐकू नका. रॉकरच्या गुणोत्तरामुळे पुशरॉडची बाजू व्हॉल्व्हपेक्षा कमी हलते, म्हणून तिथलं वजन फारसं नडत नाही. नडतं ते वाकणं! बारीक रॉड जोरात फिरताना धनुष्यासारखा वाकतो आणि सुटताना व्हॉल्व्हला भिरकावतो. तेव्हा जाड भिंतीचा क्रोमोलीच (क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलचा) घ्या, ३/८ इंची बसत असेल तर उत्तमच. गाईड प्लेट (पुशरॉडला जागेवर धरणाऱ्या पट्ट्या) असतील तर हार्डन केलेलाच हवा, आणि रॉकर सेल्फ अलाइनिंग (व्हॉल्व्हच्या टोकावर स्वतःच सरळ राहणारे) असतील तर गाईड प्लेट काढा, दोन्ही एकत्र कधीच लावू नका.