‘जिमी जिमी’ हे गाणे मुळात कोणासाठी होते?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १९८२ साली ‘डिस्को डान्सर’ आला तेव्हा मी कॉलेजात होतो. घरी न सांगता मित्रांबरोबर तो पाहिला, तेव्हा ‘असला थिल्लरपणा आपल्या घरात चालणार नाही’ असे म्हणून वडिलांनी चार दिवस अबोला धरला होता. परवा नातवाला पांडवलेण्यांच्या पायथ्याचे फाळके स्मारक दाखवून आणले. मिथुन चक्रवर्ती यांना फाळके पुरस्कार मिळाल्याचे त्याला तिथे सांगितले आणि रात्री घरी हाच चित्रपट लावला. आईच्या मृत्यूच्या प्रसंगाला माझे डोळे भरून आले. माझा मुलगा मात्र म्हणतो की गाण्यांच्या चाली परदेशातून उचललेल्या आहेत, तेव्हा त्यांचे कौतुक कशाला? त्याचे खरे मानावे, की माझ्या मनाचे?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : चालींबद्दल आपले चिरंजीव म्हणतात ते खरे आहे, आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवे. ‘जिमी जिमी’ची चाल ओटावान या फ्रेंच जोडीच्या १९८० मधील गाण्यावरून घेतलेली आहे, तर ‘औवा औवा’मागे द बगल्स या इंग्लिश जोडीचे १९७९ मधील ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ आहे. चित्रपटाचे संगीतकार बप्पी लाहिरी यांच्याबद्दल मनात कितीही प्रेम असले, तरी मूळ रचनाकारांचे ऋण उघडपणे नोंदवले जायला हवे होते, असेच मी म्हणेन.

मात्र आपल्या डोळ्यांत पाणी आले ते चालीच्या उगमामुळे नव्हे, तर ती चाल कथेत जिथे बसवली आहे त्या जागेमुळे. वरातीत ‘जिमी जिमी’वर नाचणाऱ्या बहुतेकांना त्या गाण्याचा प्रसंग आठवत नाही. नायक जिमी (मिथुन) याला मारण्यासाठी खलनायकाच्या माणसांनी विजेच्या गिटारमध्ये प्रवाह सोडलेला असतो, पण ती गिटार आईच्या हाती लागते आणि तिचा जीव जातो. त्या धक्क्याने जिमीला गिटारची इतकी दहशत बसते की पुढे स्पर्धेच्या मंचावर, भरल्या सभागृहापुढे, त्याचा आवाजच फुटत नाही. त्या वेळी नायिका जे गाते ते ‘जिमी जिमी’. आई गमावलेल्या आणि वाचा बसलेल्या मुलाला ‘ये, पुन्हा गा’ म्हणून घातलेली ती साद आहे. पुन्हा पाहाल तेव्हा गायिका पार्वती खान यांच्या आवाजाबरोबर मिथुन यांच्या चेहऱ्याकडेही लक्ष द्या. ठेका पायांना उचलतो आहे आणि ज्याच्यासाठी तो वाजतो आहे, तो मात्र जागचा हलत नाही. फ्रेंच गाण्यातला खेळकरपणा इथे विनवणी झाला आहे, आणि हा बदल उसना नाही. त्यानंतर बप्पींनी स्वतः गायलेले ‘याद आ रहा है’ येते, तेव्हा कोंडलेला आवाज मोकळा होतो. माझ्या मते संपूर्ण चित्रपटात याहून सरस गाणे नाही.

ही साद परक्या भाषांतल्या लोकांपर्यंतही पोहोचली. सोव्हिएत संघात या चित्रपटाला अफाट प्रेक्षक मिळाला, हे आपणास ठाऊक असेल. त्याहून मला हलवून गेली ती २०२२ मधली गोष्ट. चीनमध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत अडकलेल्या लोकांनी रिकामी भांडी दाखवत याच गाण्यावर चित्रफिती केल्या, कारण ‘जिये मी’ या चिनी शब्दांचा अर्थ ‘तांदूळ उसने द्या’ असा होतो. केवळ उच्चाराच्या साम्यामुळे त्यांनी ते गाणे निवडले असेल, तरी त्यांच्या तोंडीही ते विनवणीच ठरले.

आपल्या वडिलांच्या ‘थिल्लरपणा’ या शब्दाबद्दलही थोडे लिहितो, कारण त्या पिढीला डिस्को म्हणजे श्रीमंतांच्या क्लबांतला धुडगूस वाटत असे. वास्तविक न्यूयॉर्कमध्ये तो रुजला तो प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुणांच्या नाचघरांत. पुढे त्याच्याविरुद्ध इतका रोष माजला की १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या एका मैदानावर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवून देण्यात आल्या. तिकडे ओसरलेली ही लाट आपल्याकडे रस्त्यावर गाऊन पोट भरणाऱ्या मुलाची कथा होऊन आली, आणि संवादलेखनाला राही मासूम रझा यांच्यासारखा लेखक लाभला. ठेका म्हणाल, तर नाशिककराच्या कानाला तो परका वाटण्याचे कारण नव्हते. ढोलाचा ठोका जमीन धरून ठेवतो आणि ताशाची तर्री, म्हणजे त्याचा सलग कडकडाट, वरची जागा भरून काढते. डिस्कोतही प्रत्येक मात्रेवर खालचा मोठा ड्रम पडतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत झांज उघडते. लग्नाच्या बँडवाल्यांनी ही गाणी क्लॅरिनेटवर इतक्या सहज उचलली, त्यामागे हेही कारण असावे असे मला वाटते.

चित्रपटात दोष आहेतच. खलनायक एकसुरी आहेत आणि मारामाऱ्या आज पाहवत नाहीत. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

चिरंजीवांना मात्र दोन गाणी मुद्दाम ऐकवावीत. ‘गोरों की ना कालों की’ हे सुरेश वाडकर आणि उषा मंगेशकर यांनी गायले आहे. तिथे झगमगाट नाही, केवळ रस्त्यावर गाणारा एक लहान मुलगा आणि त्याचा राजू चाचा आहे. ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे नंदू भेंडे यांचे गाणे आहे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा मराठी नाटकाच्या घरात वाढला आणि मुंबईच्या रंगमंचावर रॉक गायला. कृष्णाच्या नावाने मारलेली त्याची हाक ऐकताना मला डिस्को आणि भजन वेगळे काढता येत नाहीत.

आणि नातवासाठी एक सुचवतो. गाणे सुरू होण्याच्या जरा आधीपासून, जिमी मंचावर नुसताच उभा आहे तिथपासून, त्याला ते दाखवावे.