वाळूत झोपायचंय? आधी पाठीखालचं बघा

*वाचकांचे प्रश्न. या वेळची पत्रं वाळवंटातल्या मुक्कामाबद्दलची आहेत. उत्तरं देणाऱ्या ताई पुण्यात तंबू, सॅक आणि स्लीपिंग बॅगांच्या दुरुस्तीचं काम करतात.*

प्रश्न: ताई, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं जैसलमेरला जातोय. मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि माझे ७१ वर्षांचे सासरे. तिथल्या खुरी गावाच्या बाजूला एक रात्र तंबूत न राहता उघड्या वाळूवर झोपायचं ठरलंय. उंटवाले रजया देतात म्हणे. आमच्याकडे सह्याद्रीतल्या ट्रेकच्या दोन स्लीपिंग बॅगा आहेत, घेताना दुकानाच्या चिठ्ठीवर ‘उणे ५’ लिहिलं होतं. दोन कॅरी मॅटही आहेत. नवरा म्हणतो, आणखी जाड बॅगा घेऊ. सासऱ्यांना हवेची गादी घ्यावी असं माझं मत. नक्की काय घ्यावं? (कोथरूड, पुणे)

उत्तर: नवऱ्याला म्हणावं, जरा दम धर. बॅगेत पैसे घालायच्या आधी मॅटमध्ये घाला.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, अंगावर काढून सांगतेय. पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्या मुक्कामवाल्याने वाळूवर एक सतरंजी टाकली आणि अंगावर घ्यायला ढिगाने रजया दिल्या. मी दोन घेतल्या. पोटाकडून घाम आणि पाठीकडून हुडहुडी, अशी ती रात्र. दीडच्या सुमाराला तिसरी रजई ओढली, तरी पाठ गारच. शेवटी शेकोटीशी बसलेला म्हातारा उंटवाला उठला, उंटाच्या खोगिराखालचं जाड घोंगडं आणून माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाला, “बाईसा, ऊपर नहीं, नीचे.” उंटाचा वास केसांतून दोन दिवस गेला नाही. पण झोप लागली ती थेट उन्हं येईपर्यंत.

कारण साधं आहे. बॅग असो की रजई, ऊब धरते ती तिच्यात अडकलेली हवा. तुमच्या वजनाखाली ती हवा दाबून निघून जाते आणि पाठीखाली उरतं नुसतं कापड. खालून जपायचं काम मॅटचं. मॅट थंडी किती अडवते त्याचा एक आकडा असतो, त्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. चांगल्या मॅटवर तो छापलेला असतो. आपली नेहमीची पातळ कॅरी मॅट एकच्या आसपास धरा. डिसेंबरातल्या थरच्या वाळवंटासाठी मी माणशी तीन तरी मागेन. सोय अशी की एकावर एक मॅट टाकली की आकड्यांची बेरीज होते. त्यामुळे जुन्या मॅट टाकू नका. दोनच्या आसपासच्या चार जाड फोमच्या मॅट घ्या, तुमच्या जुन्या दोन सासऱ्यांच्या आणि मुलीच्या मॅटखाली घाला, आणि तुम्हा दोघांच्या खाली त्या फुकटच्या रजया दुमडून घाला. उंटवाल्यांच्या रजया माझ्या मते असतातच खाली घालायला.

हवेची गादी मात्र नको. आत अस्तर नसलेल्या गादीत हवा खेळत राहते, अंगाची ऊब खाली नेते आणि खालची थंडी वर आणते. तिचा आकडा साध्या मॅटपेक्षाही कमी भरतो. शिवाय तिकडे भुरट नावाचं गवत असतं. त्याची बोंडं मिरीच्या दाण्याएवढी, पण चहूबाजूंनी काटे. माझ्याकडे जैसलमेरहून परत आलेली बॅग उलटी केली की पायाकडच्या अस्तरात ती हमखास सापडतात, आणि काढताना चिमट्याशिवाय भागत नाही. एवढं बोंड हवेच्या गादीला पुरे होतं. पहाटे तीनला सासरे वाळूवर टेकलेले असतील आणि तुम्ही तोंडाने गादी फुगवत असाल.

आता तुमच्या ‘उणे ५’कडे येऊ. दुकानाची चिठ्ठी विसरा, बॅग उलटी करा आणि शिवणीत टिपलेली पांढरी पट्टी शोधा. कंपनीने बॅगेची ऊब मोजून घेतलेली असेल तर तिथे तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. आयएसओ २३५३७ नावाच्या मानकाप्रमाणे ते काढतात. कम्फर्ट म्हणजे थंडी लवकर वाजणारी बाई जिथे निवांत झोपेल ते तापमान. लिमिट म्हणजे अंगाचं मुटकुळं करून पुरुष कशीबशी रात्र काढेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास जीव तगेल, झोपेचं बोलू नका. आत्ता माझ्या मेजावर दुरुस्तीला आलेली एक बॅग आहे. पिशवीवर मोठ्या अक्षरात उणे १०, आतल्या पट्टीवर कम्फर्ट ६. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण दुकानदाराने आपल्या सोयीचा मोठा करून छापला. आणखी एक मेख अशी, की हे आकडे अंगात थर्मल, पायात लांब मोजे आणि खाली मॅट धरून काढलेले असतात. मॅटच नसेल तर पट्टीवरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

जैसलमेर शहरात त्या दिवसांत पहाटेचं तापमान साधारण ८-९ अंशांवर येतं, थंडीची लाट आली की दोन-तीनवर. उघड्या वाळूवर शहरापेक्षा थोडं कमीच धरा. दुपारी तुम्ही अर्ध्या बाह्यांत फिरत असाल, म्हणून बॅग घेताना माणसं फसतात. कोरडी हवा, वर ढग नाहीत, त्यामुळे दिवसभराची ऊब सूर्य मावळला की सरळ आभाळात जाते. संध्याकाळी सातच्या सुमाराला वाळूत बोटं खुपसून बघा, वरचा थर गार लागेल आणि चार बोटं खाली अजून कोमट. मुलीला गंमत वाटेल.

तेव्हा कम्फर्ट ३ ते ५ ची बॅग तुम्हा तिघांना पुरे. सासऱ्यांना शून्याची घ्या, भाड्याने मिळाली तर उत्तम. एका रात्रीसाठी विकत घेऊ नका. त्यांची बॅग चौकोनी घ्या, पायाकडे निमुळती होणारी नको. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला त्या निमुळत्या बॅगेतून बाहेर येणं म्हणजे परीक्षाच. चेन दोन्हीकडून उघडणारी असावी, आणि रनरला हातभर नाडी बांधून द्या, म्हणजे गारठलेल्या बोटांना सापडते. उशाशी शाल, टॉर्च, पाणी. चपला रात्री उलट्या ठेवायच्या आणि सकाळी झटकून घालायच्या, विंचवासाठी. थरमध्ये फुरसं आहे, मण्यारही आहे. तिकडे मण्यारीच्या एका जातीला ‘पीवणा’ म्हणतात, झोपलेल्या माणसाचा श्वास पिऊन जाते अशी समजूत आहे. श्वास बीस काही पीत नाही, पण जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते आणि चावल्याचं त्याला कळतही नाही, त्यातून ही गोष्ट निघाली असावी. डिसेंबरच्या थंडीत साप सहसा बाहेर पडत नाहीत, उन्हाळ्या-पावसाळ्यात मात्र तिकडची माणसंही खाटेवरच झोपतात. सासऱ्यांसाठी खाट मागून बघा, गुडघ्यांनाही बरं. फक्त खाटेच्या विणीतून खालून वारा लागतो, म्हणून मॅट तिथेही हवीच. तुम्हाला वाटेल खाट आली म्हणजे मॅट वाचली, नाही वाचत.

मुलगी मोठ्यांच्या बॅगेत झोपणार असेल तर पायाकडचा मोकळा भाग आत दुमडून ओढणीने बांधा. नाहीतर ती पोर रात्रभर रिकाम्या बॅगेला ऊब देत बसेल. झोपण्याआधी सगळ्यांनी आतले कपडे बदला, दिवसभराच्या घामाचा बनियन कोरडा वाटतो पण नसतो. माकडटोपीला मुलगी नाक मुरडेल, घालायला लावा. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोजा चढवून पायांशी द्या. बाटलीचं झाकण नीट लागतं ना ते घरी तपासा.

जागा टेकडीच्या अंगावर, मध्यावर निवडा. माथ्यावर वारा लागतो आणि दोन टेकड्यांच्या खोलगटात सगळी गार हवा जमते. कुत्री येतील, अंगाला चिकटून झोपतील. मी हाकलत नाही.

प्रश्न: मी शारजाला असतो. थंडीत मित्रांबरोबर वाळवंटात मुक्कामाला जातो. महागाची पिसांची बॅग घेतली, पण सकाळी ती वरून ओली आणि आतून गोळे झालेली असते. बॅग खराब निघाली का? (शारजा)

उत्तर: बॅग चांगली असेल, गाव चुकलं. राजस्थानात जी बॅग छान चालते ती तुमच्याकडे फसते, कारण वाळू तीच असली तरी हवा वेगळी. तुमच्या वाळवंटाला समुद्र जवळ आहे. हिवाळ्यात तिथे पहाटे धुकं आणि दव इतकं पडतं की गाडीच्या काचेवरून ओघळ येतात. पिसं ओली झाली की एकमेकांना चिकटतात, मग त्यात हवा राहत नाही.

दोन उपाय. एक, दव उघड्या आभाळाखाली पडतं, छपराखाली नाही. चार काठ्यांवर नुसती ताडपत्री ताणली तरी बॅग कोरडी राहते. झाडाखाली झोपायचा मोह होईल. तुमच्याकडचं घाफ म्हणजे आपली शमीच, राजस्थानातली खेजडी. दसऱ्याला जिची पूजा करतो तिच्याखाली झोपायला कोणाला आवडणार नाही! पण त्या सावलीत दिवसभर उंट बसलेले असतात, आणि उंट उठून गेले तरी गोचिडी तिथेच राहतात. दुसरा उपाय, पुढची बॅग कृत्रिम भरावाची घ्या. जड असते, मोठी होते, पण तुम्ही गाडीने जाता, पाठीवर थोडीच न्यायचीय.

आत्ताची बॅग घरी आल्यावर उलटी करून सावलीत दोन दिवस वाळवा, गोळे हाताने हलके मोकळे करा. कोंबायच्या पिशवीत ठेवू नका, कपाटात मोकळी टांगा. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की थंडी वाजली की कोळशाची शेगडी तंबूत घेता, त्याबद्दल बोलायलाच हवं. अजिबात घेऊ नका, चेन अर्धी उघडी ठेवूनसुद्धा नाही. त्या धुराला वास नसला तरी त्यातला विषारी वायू झोपेतच माणूस नेतो. शेगडी बाहेर, माणसं आत.

प्रश्न: मावशी, आम्ही कॉलेजचे सहा जण जैसलमेरला जातोय. बजेट शून्य. आजीची गोधडी चालेल का? (नाशिक)

उत्तर: चालेल, अंगाखाली. गोधडीत सुती लुगड्यांचे थर धाव दोऱ्याने घट्ट धरलेले असतात, त्यामुळे वजनाखाली ती बॅगेसारखी चपटी होऊन संपत नाही. जैसलमेर-बाडमेरकडे हीच वस्तू ‘राली’ नावाने मिळते. तिथल्या बायकाही जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवतात. खाली कॅरी मॅट, वर गोधडी आणि अंगावर मुक्कामवाल्याची रजई. दोन-तीन किलोचं ओझं होईल, पण रेल्वेच्या बर्थवरही ती उपयोगी पडेल.

रजई अनेकांनी वापरलेली असते, म्हणून आत घालायला पिशवीसारखी चादर शिवून न्या. आईची जुनी सुती पाचवारी मागा. साधारण चार मीटर कापड मध्ये दुमडलं की दोन मीटर लांबीची पिशवी होते. एका बाजूला पूर्ण टीप, दुसऱ्या बाजूला वरची दोन वीत सोडून. उरलेल्या तुकड्यात तीच पिशवी गुंडाळून बांधा. आणि साडी मागितल्यावरच कापा रे बाबांनो.

प्रश्न: वाळवंटातून आल्यापासून बॅगेची चेन अडकते. मेणबत्ती घासली, आणखीच बिघडली. (ठाणे)

उत्तर: मेणाने वाळू चिकटून बसली. तेलही लावू नका. बॅग उलटी करून झटका, जुन्या टूथब्रशने दाते दोन्ही बाजूंनी कोरडेच घासा, मग साबणाच्या कोमट पाण्यात ब्रश बुडवून पुन्हा, आणि पूर्ण वाळू द्या. यानंतर रनर सरकतो पण मागे दाते उघडे राहतात, असं होत असेल तर वाळूने घासून रनर सैल झालाय. त्याच्या मागच्या दोन्ही कडा पक्कडीने अगदी हलक्या हाताने, आळीपाळीने दाबा. जोर लावला तर रनर तडकतो. तडकलाच तर चेन उसवू नका, नुसता रनर बदलून मिळतो. जुना बरोबर न्या, त्याच्या पाठीवर नंबर असतो.