साक्षांकन नमुन्यातला तो रकाना

प्रश्न : २०१९ मध्ये गावच्या यात्रेत दोन गटांत भांडण झाले. माझ्यासह सहा जणांवर भादंवि (भारतीय दंड विधान) कलम १४३, १४७, ३२३, ५०४, ५०६ खाली (बेकायदा जमाव, दंगल, मारहाण, अपमान, धमकी) गुन्हा दाखल झाला. मी तेव्हा १९ वर्षांचा होतो. तीन वर्षे तारखा केल्या आणि २०२२ मध्ये आम्ही सगळे निर्दोष सुटलो. त्यानंतर पोलीस शिपाई भरतीत माझी निवड झाली. साक्षांकन नमुन्यात (पडताळणीसाठी स्वतःची माहिती भरून सही करून द्यायच्या कागदात) गुन्ह्याच्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिले, कारण केस संपली होती. त्याची प्रत माझ्याकडे नाही. चारित्र्य पडताळणीत जुना गुन्हा निघाला. माहिती दडवल्याबद्दल निवड रद्द का करू नये, अशी नोटीस आली. खुलाशाला सात दिवस होते, आता बारा झाले. ओळखीचे एक जण ‘साहेबांशी बोलून घेतो’ म्हणाले, म्हणून थांबलो. निर्दोष सुटलेल्या माणसाला नोकरी नाकारता येते का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ‘नाही’ हे उत्तर तुम्ही नेमक्या कोणत्या प्रश्नाला दिलेत, ते त्यात कुठेही नाही. आणि तुमची नोकरी त्याच एका ओळीवर अडली आहे.

आधी मुदतीचे. बोलून घेतलेले फाइलवर येत नाही. फाइलवर आज एवढेच आहे : नोटीस बजावली, उमेदवाराचा खुलासा प्राप्त नाही. निवड रद्द व्हायला त्यावर एक टिप्पणी पुरते. तेव्हा आजच पोलीस अधीक्षकांच्या नावे एक पानी अर्ज लिहा. उशिराबद्दल दिलगिरी, खुलाशासाठी आठ दिवसांची मुदतवाढ, आणि तुम्ही भरलेल्या साक्षांकन नमुन्याची प्रत द्यावी ही विनंती, बस. तो आवक शाखेत स्वतः नेऊन द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, शिवाय स्पीड पोस्टानेही पाठवा. नुसत्या माहिती अधिकारावर विसंबू नका. तिथे उत्तराला ३० दिवस असतात, तेवढे तुमच्या हातात नाहीत. स्वतः भरून, खाली सही करून दिलेल्या कागदाची झेरॉक्स तुम्ही ठेवली नाहीत, याचा मला खरोखर राग आला. प्रत्येक भरतीनंतर अशी पत्रे येतात आणि जवळजवळ प्रत्येकात हाच कागद हरवलेला असतो. दोन रुपयांच्या झेरॉक्सवाचून माणूस आपल्याच सहीखाली काय लिहिले होते ते आठवत बसतो.

प्रत हातात आली की त्या रकान्याचे शब्द बोट ठेवून वाचा. केंद्र सरकारच्या नमुन्यात हे प्रश्न सुटे सुटे असतात : तुम्हाला कधी अटक झाली होती का, तुमच्यावर कधी खटला चालला होता का, न्यायालयाने कधी दंड केला होता का, आणि वेगळ्या ओळीत, हा नमुना भरताना तुमच्याविरुद्ध एखादा खटला प्रलंबित आहे का. राज्यात मी पाहिलेल्या नमुन्यांत शब्दरचना सगळीकडे सारखी नव्हती. तुमच्या नमुन्यात फक्त ‘प्रलंबित आहे काय’ एवढेच विचारले असेल, तर तुमचे ‘नाही’ खरे आहे. खटला २०२२ मध्येच संपला होता. नोकरीच्या पडताळणीत माहिती दडवल्याच्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २१ जुलै २०१६ रोजी हेच सांगितले : नमुन्यातला प्रश्न नेमका हवा, संदिग्ध नको, आणि जे नेमके विचारले तेवढेच सांगणे उमेदवाराला बंधनकारक. मग तुमचा खुलासा अर्ध्या पानाचा. प्रश्न जसाच्या तसा उतरवा, निकालाची तारीख लिहा, निकालाची प्रमाणित प्रत जोडा आणि थांबा. माफी मागू नका. जे दडवलेच नाही त्याची माफी मागितलीत, तर ती कबुली म्हणून वाचली जाईल.

पण रकान्यात ‘कधी’ हा शब्द असेल, म्हणजे कधी अटक, कधी गुन्हा दाखल, कधी खटला, तर तुमचे उत्तर खोटे ठरते. निर्दोष सुटल्याने ते खरे होत नाही. सुटका झाली म्हणजे गुन्हा नोंदलाच गेला नव्हता असे होत नाही. पोलीस ठाण्याच्या नोंदी राहतातच, तुमच्या पडताळणीत त्याच पुढे आल्या. अशा वेळी पळवाटा शोधू नका. ‘मला माहीत नव्हते’ हे तीन वर्षे तारखांना हजर राहिलेल्या माणसाने लिहू नये. ‘अर्ज सायबर कॅफेवाल्याने भरला’ हेही नको, खाली सही तुमची आहे. चूक सरळ मान्य करा आणि अवतार सिंगच्याच दुसऱ्या भागाचा आधार घ्या : माहिती दडवली म्हणून उमेदवारी आपोआप बाद होत नाही. प्रकरण किरकोळ असेल, तरुण वयातले असेल, आणि उघड केले असते तरी त्या पदासाठी अपात्रता आली नसती अशा स्वरूपाचे असेल, तर ती चूक माफ करण्याचा अधिकार नियुक्ती प्राधिकाऱ्याला आहे. घटनेच्या वेळचे वय, कोणाला गंभीर दुखापत झाली नव्हती (खरे असेल तरच), २०२२ नंतर एकही तक्रार नाही, हे सगळे कागदासह मांडा.

आणखी एक कागद पाहा : भरतीचा मूळ ऑनलाइन अर्ज. तिथे गुन्ह्याची माहिती विचारली होती का, तुम्ही काय भरलेत? तिथे खरे लिहिले असेल तर दडवण्याचा हेतू होता असे म्हणणे त्यांना जड जाईल. तिथेही ‘नाही’ असेल तर खुलासा लिहिण्याआधी मला किंवा तुमच्या वकिलांना ते सांगा.

यापुढे मी खात्रीने बोलणार नाही. पोलीस दलासाठी न्यायालये कडक कसोटी लावतात, आणि तुम्ही ‘सन्मानाने’ सुटलात की साक्षीदार फितूर झाल्याने, हेही पाहतात. म्हणून निकाल पूर्ण वाचा, नुसते शेवटचे पान नको. निकाल दोन्ही बाजूंचे सापडतात. २०२१ मध्ये राजस्थानच्या वीज प्रसारण निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खोटे प्रतिज्ञापत्र देणाऱ्याची नोकरी गेलेली कायम ठेवली. उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये रवींद्र कुमार प्रकरणात उत्तर प्रदेशातल्या शिपाई उमेदवाराला न्याय दिला. पण ती भरती २००४ ची होती. वीस वर्षे, आणि मधल्या काळाचा प्रत्यक्ष पगार नाही. एवढा वेळ लागणाऱ्या न्यायाच्या भरवशावर मी कोणालाही खुलाशाची मुदत चुकवू देणार नाही. जे काम अधीक्षकांच्या टेबलावर एका पानात होऊ शकते, ते तिथेच करा.

तरीही रद्दचा आदेश निघालाच, तर राज्य सरकारी नोकरीचे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचे. पोलीस शिपाई भरतीचा वाद थेट उच्च न्यायालयात नेऊ नका, तो परत तिकडेच पाठवला जाईल. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मुदत एक वर्षाची आहे. पण वर्षभर आहे म्हणून निवांत बसू नका. तुमच्या जागी प्रतीक्षा यादीतला उमेदवार रुजू झाला की लढाई दुप्पट अवघड होते. आदेश मिळाल्यापासून दोन-तीन आठवड्यांत अर्ज दाखल करून ‘एक पद रिक्त ठेवावे’ असा अंतरिम आदेश मागा. आणि स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे पाठवत राहू नका. त्याने मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राठोर प्रकरणात १९८९ मध्येच सांगून ठेवले आहे.

निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज उद्याच टाका. तिथेही दिवस जातात.