फाक आणि वाक

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या वर्कशॉपवर आलीस, ड्रमवर फिरवायच्या तारांच्या ब्रशचं ड्रॉइंग उलगडलंस, त्याचा थ्रीडी प्रिंट केलेला नमुना टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "काका, यात काय चुकतंय ते सांगा." तेव्हा लेथवर जॉब लागला होता. शिवाय एखाद्याचं काम चार दिवस हाताळल्याशिवाय त्यावर बोलायची माझी पद्धत नाही. चार दिवस तो ब्रश माझ्या उशाशी होता. रात्री स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला छोटा चपटा ड्रम, मांडीवर घेऊन हळूहळू वाजवून बघितला. आता सविस्तर लिहितो.

तुझी कल्पना मला आवडली हे आधी सांगतो. पुढं बऱ्याच चुका काढणार आहे, त्या वाचताना हे विसरू नकोस. ड्रम वाजवणारी आणि ड्रॉइंग काढणारी एकच व्यक्ती असणं दुर्मीळ. मी चाळीस वर्षं दिवसा टूलरूममध्ये आणि रात्री ऑर्केस्ट्रात काढली, त्यामुळे दोन्हीकडची माणसं एकमेकांचं बोलणं कसं चुकीचं समजतात हे मला चांगलं ठाऊक आहे. वादक म्हणतो, "जरा मऊ पाहिजे," आणि फिटर तारा कमी करतो. वादकाला मऊ म्हणजे पातळ तार हवी असते, की लांब तार, की तारांचा मोठा फाकलेला पंखा, हे कुणी विचारत नाही.

तुझ्या ड्रॉइंगचा घोळ नेमका इथंच आहे. बाजारात मिळणाऱ्या ब्रशमध्ये पोकळ दांडा असतो, आत गज असतो, गजाच्या टोकाला तारांची जुडी चेपून बसवलेली असते. गज मागं ओढला की तारा नळीत जातात. ही रचना फार जुनी आहे. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत माशा मारायला अशी तारांची झाडणी निघाली होती, जॅझवाल्यांनी ती उचलून ड्रमवर आणली. माशीसाठी तारा आत घेता येणं ही फक्त सोय होती. वादकाच्या हातात मात्र त्याच सोयीमुळे आवाज बदलतो, आणि एका ओढीत दोन गोष्टी बदलतात. पंखा मिटतो, त्याला मी फाक कमी होणं म्हणतो. आणि तार आखूड झाल्यामुळे ताठ होते, म्हणजे तिची वाक कमी होते. तू कागदावर "ॲडजस्टेबल" असं मोठ्या अक्षरात लिहिलंयस, पण काय ॲडजस्ट होणार, फाक की वाक, ते कुठंच लिहिलेलं नाही. आधी ते ठरव. बाकीचं ड्रॉइंग त्याच्या मागून येईल.

थोडा हिशोब मांडतो, तो पाठच करून टाक. एका टोकाला धरलेल्या तारेचा ताठपणा लांबीच्या घनाच्या उलट प्रमाणात असतो आणि जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. 120 मिलिमीटर बाहेर असलेली तार 105 वर आणलीस तर ती जवळजवळ दीडपट ताठ होते. 90 वर आणलीस तर दुपटीहून जास्त, साधारण 2.4 पट. जाडीचं तर आणखी कडक. 30 गेजची तार 0.315 मिलिमीटर असते, 28 गेजची 0.376. हाताला फरक कळणारही नाही, पण 28 ची तार 30 च्या दुप्पट ताठ असते. तू नमुन्यात दोन्ही प्रकारच्या तारा मिसळल्यास, बहुतेक दुकानात जी मिळाली ती घेतलीस. म्हणून तुझा ब्रश फिरवताना सुरात सूर न मिसळल्यासारखा वाटतो. निम्म्या तारा हेडवर, म्हणजे ड्रमच्या ताणलेल्या पडद्यावर, लोळतात आणि निम्म्या खरवडतात.

आता तुझी पुढची आट्याची रिंग. ती काढून टाक. असं सरळ सांगतोय म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, ही चूक माझी स्वतःची जुनी चूक आहे. मीही तरुणपणी पितळेची रिंग केली होती, तारांवर पुढं-मागं सरकणारी, बारीक ग्रब स्क्रूनं आवळायची. केशवराव भोसले नाट्यगृहात गझलांचा कार्यक्रम होता. 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते सभागृह. त्या रंगमंचावरून हळू आवाजही मागच्या रांगेपर्यंत जायचा. 2024 च्या ऑगस्टमधल्या आगीची बातमी आली त्या रात्री मी झोपलो नाही, पण तो विषय वेगळा. तर दुसऱ्या अंतऱ्याला रिंग घामानं आणि हादऱ्यानं सैल झाली आणि प्रत्येक ठोक्याला तारांवर खडखडायला लागली. स्नेअरवर माइक होता. गायिकेनं मान वळवून बघितलं. मी डावा हात थांबवला आणि उरलेलं गाणं एका हातानं काढलं. तेव्हापासून मला एक कळलं की ब्रशमध्ये हाताच्या पकडीच्या पुढच्या बाजूला कोणताही सुटा, हलणारा भाग नको. तिथं वजन आलं की ब्रश नाकाड, म्हणजे पुढच्या टोकाला जड, होतो, आणि सुटं काही आलं की ते बोलतं. पितळेची घनता 8.5, ॲल्युमिनियमची 2.7. तीच रिंग ॲल्युमिनियमची केलीस तर वजन तिसऱ्या हिश्श्यावर येईल, पण खडखड राहीलच.

आट्याचा आणखी एक दोष आहे. तू रिंग पाच फेरे फिरवायची ठेवलीस. ड्रमरला गाण्याच्या मध्ये किती वेळ मिळतो? मुखडा संपून अंतरा सुरू होताना जेमतेम एक मात्रा, तीही एका हाताची. दुसरा हात ताल धरून असतो. म्हणून बदल एका अंगठ्यानं, न बघता, टक् असा आवाज बोटाला जाणवून व्हायला हवा. गजावर तीन खाचा घाल, नळीत बारीक स्प्रिंग आणि 3 मिलिमीटरची बॉल बेअरिंगची गोळी बसव. स्टेप तीनच ठेव. चौथी कुणाला लागत नाही आणि अंधारात मोजताही येत नाही. गजाच्या मागच्या टोकाला तू प्लास्टिकची गोल मूठ दिलीयस, तिच्याऐवजी धातूचा कडा किंवा गोळी ठेव, कारण बरेच वादक ते टोक झांजेवर घासून आवाज काढतात. तुझ्या मुठीनं त्यांचा एक आवाज कायमचा गेला असता.

फाक आणि वाक वेगळं करायचं असेल तर माझ्या डोक्यात एक वाट आहे. तू लेथवर जॉब पकडणारा कोलेट बघितलायस. कोलेटमध्ये निमुळता भाग बाहेरून दाबतो आणि जबडे मिटतात. तेच उलटं कर. तारांची लांबी कायम ठेव आणि मुळाशी दोन जुड्यांच्या मध्ये आतून एक चपटी पाचर पुढं सरकव. जुड्या फाकतील. तारांच्या मुळापासून 10 मिलिमीटरवर पाचरीनं तार 1 मिलिमीटर बाजूला ढकलली, तर 110 मिलिमीटरवरचं टोक साधारण 16 मिलिमीटर सरकतं. दोन्ही बाजू धरल्या तर पंखा तीनेक सेंटिमीटरनं रुंद होईल. एवढ्यासाठी अंगठ्याची छोटी ढकल पुरेशी आहे. पाचर मुळाच्या फार जवळ मात्र नेऊ नकोस. 10 च्या जागी 5 मिलिमीटरवर तेवढंच ढकललंस तर मुळाशी तारेवरचा ताण चौपट होतो आणि ती परत सरळ येणार नाही. शिवाय दोनच जुड्या केल्यास मध्ये फट पडेल आणि गोल फिरवताना "शूऽऽ" च्या मध्ये एक पोकळी ऐकू येईल. म्हणून तीन जुड्या कर, मधली पाचरीतल्या खाचेतून सरळ जाऊ दे. तरी हे मी कागदावर सांगतोय, करून बघितलेलं नाही. जमलं नाही तर खाचांचा साधा गज चांगला आहे, आणि फाक-वाक एकत्र बदलणारा तो जुना ब्रशच एवढी वर्षं लोकांनी सुंदर वाजवलाय. ऑस्कर पीटरसनच्या त्रिकुटातल्या एड थिगपेनचं ब्रशकाम ऐक. त्याच्या हातात नुसता स्नेअर बोलतो.

एक गोष्ट तुला जवळून दाखवायची होती, पण रविवारी गडबडीत राहिली. तुझ्या नमुन्याच्या तारांची टोकं मी दहापट भिंगाखाली धरली. पक्कडनं कापल्यामुळे प्रत्येक टोकाला एका बाजूला बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कड, राहिलीय, अगदी मांजराच्या नखासारखी वाकडी. हाताला लागत नाही. पण कोटेड हेडवर अर्धा तास फिरवल्यावर बघ, पांढऱ्या थरावर बारीक गोल ओरखडे उमटलेले दिसतील. ब्रशचा आवाज त्याच खडबडीत थरातून येतो, गुळगुळीत हेडवर तो घासण्याचा आवाज जवळजवळ मिळतच नाही. म्हणजे आपणच आपला आवाज खरवडून काढतोय. मी एकदा दुसऱ्याचा स्नेअर असाच खराब केला आणि नवं हेड भरून दिलं. टोकं कापून झाली की सगळी जुडी घट्ट बांध, बारीक एमरी दगडावर उभी धरून गोल गोल फिरव, मग मऊ चामड्यावर. भिंगाखाली एकही नख दिसता कामा नये. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते मशीनवर टाकायचा मोह होईल. पहिले दहा जोड तरी हातानं कर.

नळीचं तोंडही बघ. तारा तिथंच टेकतात आणि तिथंच तुटतात. आतून चांगली गोलाई दे, शक्य असेल तर नायलॉनचा बुश, म्हणजे आतलं अस्तर, बसव. दांड्याची जाडी 14 मिलिमीटरच्या आसपास ठेव, काठीवरून ब्रशवर हात सहज जातो.

तारेबद्दल. प्रयोगासाठी दुकानं पालथी घालू नकोस. गिटारची साधी पहिली तार घे, 12 नंबरची, म्हणजे 0.012 इंच, 0.305 मिलिमीटर. ती उत्तम प्रतीची स्प्रिंगची तार आहे आणि तिचं माप पाकिटावर लिहिलेलं असतं. 10 नंबर म्हणजे 0.254. दोन्हींचा एकेक ब्रश करून बघ. रिळावरची तार घेतलीस तर तिचं वळण ब्रशात उतरतं, हे ध्यानात ठेव. पुढं विक्रीसाठी करशील तेव्हा आपल्याकडचा पावसाळा विचारात घे. जून ते सप्टेंबर साधी स्टीलची तार नळीत बसून गंजते आणि हेडवर तपकिरी रेघा ओढते. स्प्रिंगच्या स्टेनलेस तारेनं तो प्रश्न सुटतो, फक्त ती किंचित मऊ असते, त्यामुळे तेवढी लांबी कमी कर.

यंत्रणेला हात लावायच्या आधी मात्र एक काम कर. लाकडाच्या तीन दांड्यांवर तीन ब्रश बनव, कसलीच हालचाल नसलेले. एकाची तार 90, दुसऱ्याची 105, तिसऱ्याची 120. मग चार-पाच वादकांना दे, पण कोणता कुठला ते सांगू नकोस. नुसता गिटारच्या साथीला ठेका धरणारा, भावगीताला ब्रश फिरवणारा, आणि एक हलगीवाला पण बोलाव. खासबागेत कुस्तीच्या वेळी हलगी घुमते तेव्हा वादकाच्या एका हातात आखूड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी असते. दोन हातांना दोन वेगळी वाक लागते हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि तार तर सोड, कातडंसुद्धा तो जाळावर शेकून हवं तसं ताणून घेतो. त्याला तुझा ब्रश दे आणि कुठला हात कुठला ब्रश निवडतो ते बघ. वादकांना "कसा वाटला" विचारू नकोस, सगळे "भारी आहे" म्हणतील. कोणता ब्रश ते न विचारता पुन्हा उचलतात, ते वहीत लिही. त्या वहीत तीनपैकी दोन लांब्यांवरच सगळे आले, तर तुझ्या गजाला दोनच खाचा पुरतील आणि अर्धं ड्रॉइंग वाचेल.

पेटंटबद्दल तू विचारलं होतंस. आपल्याकडे अर्ज केल्यापासून 20 वर्षं ते चालतं. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकता येतो आणि पूर्ण तपशील 12 महिन्यांत द्यावा लागतो. अर्ज टाकेपर्यंत पाचरीची यंत्रणा कुणाला व्हिडिओत दाखवू नकोस, स्वतःच जाहीर केलेली गोष्ट नवीन राहत नाही. नुसत्या ओढायच्या गजावर काही मिळणार नाही, ते कधीच सगळ्यांचं झालंय. यासाठी एखाद्या चांगल्या वकिलाला भेट, त्यात माझं ज्ञान इथवरच.

तुझा नमुना मी कापडात गुंडाळून ठेवलाय. रिंग काढली, ती डबीत वेगळी आहे. येत्या रविवारी दहानंतर ये, तोपर्यंत बॉलची खाच मारायला नळीचे दोन तुकडे लेथवर लावून ठेवतो. येताना 12 आणि 10 नंबरच्या तारांची दोन-दोन पाकिटं आण. भिंग माझ्याकडे आहे. स्नेअरवर नवं कोटेड हेड चढवतोय, त्यावर पहिला हात तुझाच पडू दे.

तुझा,
उद्यमनगरातला काका