आप्रवासी घाट बघायला जाताय? आधी हे वाचा

मॉरिशसला पहिल्यांदाच जाताय, तर राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आलेले मजूर जिथे उतरायचे ती जागा, समुद्रकिनाऱ्यांच्या मध्ये कोंबू नका. सकाळ मोकळी ठेवा. 1,640 चौरस मीटरचीच जागा, काळ्या दगडाचे अवशेष. नुसतं चालत गेलात तर वीस मिनिटांत बाहेर याल आणि म्हणाल, 'एवढंच?' मीही पहिल्या खेपेला तसाच परत आलो होतो!

म्हणून आधी शेजारचं माहिती केंद्र बघा, मग घाटावर जा. 1834 ते 1920 या काळात जवळपास पाच लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर उसाच्या मळ्यांसाठी या बेटावर आले. 1849 पासून त्यांची नोंदणी या घाटावरच व्हायची. 16 पायऱ्या आहेत. बोटीवरून उतरलेला माणूस त्या चढून वर यायचा. तिथे घाई करू नका. दगड मधोमध झिजलाय का, ते वाकून बघा.

कोकणातून कुणी पूर्वज गेल्याचं घरात बोललं जात असेल, तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांची जुनी दप्तरं आहेत. पण आडनावावर विसंबू नका, कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलंय. गाव, बापाचं नाव, बोटीचं नाव, मजुराचा क्रमांक, यातलं जे मिळेल ते घरच्या म्हाताऱ्यांकडून आधीच लिहून घ्या.

2 नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये सुट्टी असते, या मजुरांच्या आगमनाची आठवण म्हणून, आप्रवासी दिन. गर्दी चालत असेल तर तोच दिवस गाठा.