दहा दिवसांच्या कालवडीला रोटा आणि क्रिप्टो दोन्ही निघालेत, औषधाने हगवण थांबत नाही. काय करावं?

दादा, तुम्ही लिहिलंय की जंताचं औषध झालं, अँटिबायोटिक झालं, तरी पिवळी पाण्यासारखी हगवण चालूच आहे. रोटा हा विषाणू, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. क्रिप्टो हा एकपेशीय परजीवी, त्याला जंतनाशकाने काही होत नाही. दोघेही लहान आतड्याच्या अस्तरावरच घाव घालतात, त्यामुळे दूध अंगी लागत नाही आणि अंगातलं पाणी क्षार घेऊन बाहेर पडतं. वासरू दगावतं ते त्या पाण्यापायी.

मी सोलापूर जिल्ह्यात गोठ्यांवर उपचाराचंच काम करतो. हगवण लागली की दूध तोडायचं, ही इकडची पद्धत वासराला उपाशी मारते. दूध थोडंथोडं, जास्त वेळा पाजा. दोन दुधांच्या मधे वासरांचं इलेक्ट्रोलाइट कोमट पाण्यातून द्या, दिवसाला दोन-तीन लिटर तरी पोटात जाऊ द्या. ते दुधात मिसळू नका. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच जागेवर बसली तर ठीक. घडी तशीच राहिली, डोळे खोल गेले, तोंड आतून गार लागलं किंवा वासरू चोखेनासं झालं, तर नळीने बळेच ओतू नका, फुप्फुसात जातं. तेव्हा शिरेतून सलाईनच लागतं, डॉक्टर बोलवा. जनावरांच्या फिरत्या सरकारी दवाखान्याच्या १९६२ या नंबरवरही फोन करता येतो.

पुढच्या वेतासाठी एक कळकळीची विनंती. पहिला चीक खरवसाला काढू नका. गाईच्या पोटात असताना वासराला प्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातूनच येते आणि २४ तासांत आतडं ती शोषणं थांबवतं. ३० किलोच्या वासराला पहिल्या काही तासांतच तीन लिटर गेला पाहिजे. उरलेला चीक पुढे रोजच्या दुधात थोडा घालत राहिलात, तर रोटाला आतड्यातच अटकाव होतो.

क्रिप्टोची अंडी फिनेल, ब्लीचिंगला दाद देत नाहीत. उकळतं पाणी आणि कोरडेपणा यांनी मरतात. जागा खरवडून आपल्या सोलापुरी उन्हात खडखडीत वाळवा. आधी निरोगी वासरांचं करा, आजारीचं शेवटी. हा आजार माणसालाही होतो, म्हणून हात साबणाने धुवा आणि घरातली लहान पोरं त्या कालवडीजवळ जाऊ देऊ नका.