पिस्तुलाच्या चकाकीआधी ट्रिगर बघ

नव्या एअर पिस्तुलाच्या चकाकीवर तू भाळलायस, कळतंय मला. पण आधी ट्रिगरशी ओळख कर. दहा मीटरच्या स्पर्धेत तो ओढायला किमान 500 ग्रॅमचा जोर लागला पाहिजे, ट्रिगरला वजन लटकवून तपासतात. बोट टेकवलं की पहिला टप्पा मऊ जातो, मग भिंतीसारखा अडसर लागतो. तिथे थांब आणि दाब हळूहळू वाढवत ने. छर्रा कधी सुटणार हे आधीच ठरवलंस की मनगट झटका देतंच. 10 गुणांचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटरचं, तिथे झटक्याला माफी नाही. घरी रोज वीस मिनिटं छर्ऱ्याविना सराव कर, पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा बघून, नळी कोऱ्या भिंतीकडे ठेवून.

आता फिनिश. सांगलीतला कृष्णाकाठचा पावसाळा ब्लूइंगला, म्हणजे पोलादावर चढवलेल्या काळ्या थराला, सोडत नाही. तो थर फार पातळ. गंज खरा थोपवतो वरचा तेलाचा हात. माझ्या जुन्या रायफलीवर एका जुलैत माझ्याच अंगठ्याचा ठसा तांबूस उमटला, रेघांसकट. घामातलं मीठ ते! तेव्हापासून रेंजवरून आलो की चहाच्या आधी सुती फडकं आणि दोन थेंब तेल. आणि फोमच्या पेटीत महिनोन्‌महिने कोंडून ठेवू नकोस, फोम ओल धरतो.